पारा सावलीत, आपण उन्हात

मार्च उजाडला की बातम्यांत रोज एक वाक्य ठरलेलं असतं: 'सांताक्रूझ येथे कमाल तापमान इतके इतके नोंदले गेले.' ती वेधशाळा विमानतळाजवळची, म्हणजे आम्हा वाकोलेकरांच्या जवळजवळ शेजारचीच. त्या आकड्यावर आमचा दिवस ठरतो. ३७ असेल तर छत्री, ३२ असेल तर 'आज काही विशेष नाही' म्हणत तसंच बाहेर. गंमत अशी, की वेधशाळेतला तापमापक उन्हात नसतोच. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत तो ठेवलेला असतो. तिथे वारा खेळतो, ऊन शिरत नाही. मोजली जाते ती सावलीतल्या हवेची उष्णता. आपल्या कातडीवर काय पडलं, ते त्या आकड्यात कुठेच नसतं.

कातडीचं वाटोळं करतात ते अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. चटका बसतो तो दुसऱ्याच किरणांचा. म्हणून 'गार वारा आहे, ऊन लागत नाहीये' हा मुंबईकराचा अनुभव खरा असतो आणि फसवाही. सांताक्रूझला मार्चमधला उच्चांक २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांचा आहे. असे दिवस येतात ते पूर्वेचे कोरडे वारे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतात तेव्हा. मे महिन्यात खारा वारा लवकर आत येतो आणि पारा बहुधा ३३-३४च्या आसपास घुटमळतो. पण सूर्य? तो १५-१६ मेच्या सुमारास मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा २७-२८ जुलैचा, ढगांत बुडालेला. २६ जुलै म्हटलं की आम्हाला २००५ सालचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य नेमका माथ्यावर असतो हे कोणाच्या लक्षात असणार! पण ढगांचा भरवसा नाही: पातळ ढगांतून अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग खाली येऊ शकतो.

यासाठी वेगळं माप आहे, यूव्ही निर्देशांक. १९९२ साली कॅनडाने ते सुरू केलं, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते जगासाठी स्वीकारलं. ३च्या पुढे काळजी घ्यायची, ११च्या पुढे अतितीव्र. निरभ्र उन्हाळी दुपारी मुंबईत तो ११च्या पुढे जातो. मोबाइलवर हवामान बघताना तापमानाच्या खाली तो असतोच, आपण तिथपर्यंत सरकत नाही. तेही नको असेल तर आपली सावली बघावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोसा शोधायचा. आणि घड्याळातले बारा म्हणजे मुंबईची माध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची. इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान. नेमकी शाळेची एक पाळी सुटायची आणि दुसरी भरायची वेळ.

अतिनील किरण जमिनीवर पोचतात ते दोन प्रकारचे. 'बी' किरण कातडी लाल करतात, भाजतात, पण साध्या काचेत बरेचसे अडतात. 'ए' किरण काचेतून आरपार येतात, त्वचेत खोल जातात आणि सुरकुत्या पाडतात. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवली, खिडकी डावीकडे. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक करून घ्यायचा.

'आपण सावळे, आपल्याला काय होतंय?' हा प्रश्न मी घरीदारी ऐकला आहे, आणि तो अर्धा बरोबरच आहे. मेलॅनिन हे अंगचं छत्र आहे. गोऱ्या लोकांत जितका त्वचेचा कर्करोग दिसतो तितका आपल्यात दिसत नाही. पण आपलं नुकसान दुसऱ्या वाटेने येतं. गालांवरचे वांग, रापलेलं कपाळ, उन्हात गेलं की हातांवर उठणारं खाजरं पुरळ. वांग तर गरोदरपणात किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी उमटतो आणि उन्हाने मुक्काम ठोकतो. त्यात डोळ्यांना दिसणारा उजेडही भर घालतो, म्हणून त्वचेचे डॉक्टर अशा वेळी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सुचवतात.

आता वयाचं. तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत आहे. कोवळं ऊन सोसवतं, पण ड जीवनसत्त्व तयार होतं ते 'बी' किरणांनी आणि सकाळी सातच्या तिरकस उन्हात ते फारसे नसतात. बंद खिडकीच्या काचेमागे तर नाहीतच. तेलाने ऊनही अडत नाही. त्यामुळे बाळाच्या ड जीवनसत्त्वाचं काय ते बालरोगतज्ज्ञालाच विचारावं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला सनस्क्रीन न लावता सावली, झबलं, टोपरं एवढंच. पुढे शाळकरी वयात बरंच ऊन अंगावर जातं, आणि त्याचा हिशेब कातडी चाळिशीत मागते. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं नाकावर पांढरा पट्टा ओढतात, त्याला आपण हसतो. ते झिंक ऑक्साइड, जुनं आणि भरवशाचं. त्या पोरांना हसू नये.

खरी घसरगुंडी पंधरा ते पंचविशीत. टॅन घालवायला लिंबू चोळायचं, हा सल्ला कोणत्या आजीने दिला कोण जाणे. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की दिवसा-दोन दिवसांनी फोड येतात नाहीतर काळे डाग पडतात. सरबत केल्यावर हात न धुता उन्हात उभं राहणाऱ्याच्या बोटांवरही असे डाग येऊ शकतात. याच गुणावर कोडासाठी बावची वापरायची जुनी पद्धत उभी आहे: औषध लावा, मग ऊन घ्या. कोडावर जे हवं तेच चांगल्या कातडीवर ओढवून का घ्यायचं? दुसरा घोळ गोरं करणाऱ्या 'मिक्स क्रीम'चा. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते आणि मग साधं ऊनही झोंबतं. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मैत्रिणींच्या पर्समधून फिरतच असतात. सनस्क्रीन गोरेपणासाठी नसतं, हे जाहिरातवाल्यांनी आपल्याला कधी नीट सांगितलंच नाही.

सनस्क्रीनचा आकडाही समजून घ्यावा. एसपीएफ ३० 'बी' किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८. म्हणजे ५०च्या पुढच्या चढ्या आकड्यांवर पैसे उधळू नयेत. 'ए' किरणांसाठी शेजारी पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हं बघावीत. मात्र ही आकडेवारी दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मिळवलेली असते. आपण त्याच्या पाव-अर्धं लावतो. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल इतकं, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी चाळीस दिवसांत संपायला हवी. ती वर्षभर पुरत असेल तर आपण फक्त वास घेतोय. शिवाय मुंबईच्या घामात दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

हे भाजीच्या गाडीवर दिवसभर उभ्या असलेल्या बाईला सांगण्यात अर्थ नाही. तिला परवडणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती चांगलीही आहे. काळी छत्री अतिनील किरण नव्वद टक्क्यांहून अधिक अडवते, असं मोजून पाहिलेलं आहे. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कपडा उत्तम. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं संरक्षण एसपीएफसारख्या मापात जेमतेम पाच-सात, आणि घामाने ओला झाला की त्याहून कमी. पुण्याच्या मुली स्कूटरवर सनकोट घालून, ओढणी गुंडाळून डाकूसारख्या फिरतात म्हणून विनोद होतात. विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. फक्त ओढणी जाळीदार नको.

साठीनंतर आणखी एक गोष्ट पाहावी: औषधांची पट्टी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, काही जंतुसंसर्गांवर डॉक्सिसायक्लिन देतात. दोन्हींनी कातडी उन्हाला हळवी होते. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. महिना झाला तरी न भरणारी चीर किंवा खपली 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नये.

पश्चिम द्रुतगती महामार्गावर वाकोल्याच्या सिग्नलला दुपारी उभं राहा. दुचाकीवाले थांब्याच्या पट्टीपर्यंत जातच नाहीत. पुलाची सावली जिथे संपते तिथेच ते थांबतात, पुढे रिकामा, तळपता रस्ता सोडून. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात. कोणी हलत नाही.