येमेनला फक्त रेशन पुरेल का? जकात देण्याआधी थोडं समजून घेऊ या

रमजान जवळ आला की आपल्या नाटे गावातही येमेनच्या मदतीची आवाहनं मोबाइलवर फिरू लागतात. वर्गात एकदा आठवीतल्या मुलाने विचारलं, "सर, लोक इतकी वर्षं देतायत, मग तिथली भूक संपत का नाही?" सवाल सरळ होता, जवाब थोडा लांबचा आहे.

आधी हे लक्षात घ्या, येमेन आपल्याला अगदीच परका नाही. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, आणि येमेनच्या किनाऱ्यावरचे बहुतेक लोकही शाफईच. दर्याने जोडलेलं हे नातं शेकडो वर्षांचं. एप्रिल २०१५ मध्ये भारतीय नौदलाने 'ऑपरेशन राहत'मध्ये एडन, होदैदा या बंदरांतून आपली माणसं बाहेर काढली. जिबूतीहून विमानं मुंबई आणि कोचीला आली. साडेचार हजारांहून जास्त भारतीय आणि ४१ देशांचे सुमारे ९६० परदेशी सुटले. येमेनी लोक मात्र तिथेच राहिले.

सप्टेंबर २०१४ मध्ये हौथींनी राजधानी सना घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने सुमारे ३ लाख ७७ हजार जीव घेतले. त्यातले जवळपास ६० टक्के गोळीने किंवा बॉम्बने नाही, तर भूक, आजार आणि उपचार न मिळाल्याने गेले.

मग अन्न नाही का? इथेच आपली समजूत चुकते. येमेन आपला सुमारे ९० टक्के गहू बाहेरून आणतो. अनेक ठिकाणी दुकानात पीठ असतं, पण विकत घ्यायला खिशात पैसा नसतो. २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली गेली, बँकेचे दोन तुकडे झाले आणि लाखो सरकारी नोकरांचे पगार अडकले. युनिसेफच्या आकडेवारीनुसार १ लाख ७० हजारांहून जास्त शिक्षकांना नियमित पगार मिळेना. मी स्वतः शिक्षक आहे. महिना उलटून पगार लांबला तरी घरात काय होतं ते मला माहीत आहे. तिथे वर्षं गेली.

म्हणजे भूक दाण्याची कमी, कमाईची जास्त आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात उधारी कशी वाढते, हे नाट्याच्या जेटीवर कुणालाही विचारा. लाल समुद्रावरच्या मच्छीमारांची होडी मात्र सुरुंगांच्या आणि हल्ल्यांच्या भीतीने अडते, आणि ही बंदी कधी उठेल ते कुणी सांगत नाही.

अशा घरातल्या वीस वर्षांच्या पोराला पगार कोण देतो? बहुतेकदा बंदूक देणाराच. म्हणून रोजगार हा तिथे शांततेचाच भाग आहे. १९९७ पासून चालणारा येमेनचा सामाजिक विकास निधी जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 'कामाच्या बदल्यात रोख' योजना राबवतो. आपल्या रोजगार हमीसारखंच हे काम: रस्ता दुरुस्त करा, पाण्याची टाकी बांधा, मजुरी घ्या. मच्छीमारांना इंजिन, जाळी, बर्फाच्या पेट्या देण्याचंही काम झालं आहे. रेशनची पिशवी महिन्यात संपते, इंजिन काही वर्षं घर चालवतं.

तिसरी गोष्ट बातम्यांत कमी येते, ती म्हणजे बायकांचं काम. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या 'अपहृतांच्या मातांच्या संघटने'तल्या आया आणि बहिणी तुरुंगांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी बेपत्ता मुलांच्या याद्या केल्या, कबिल्यांच्या वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं आणि शेकडो कैदी सोडवले. ताइझ भागात पाण्यावरून पेटलेला झगडा मुना लुकमान यांनी मध्यस्थीने मिटवला आणि बंद पडलेली पाणी योजना सुरू केली. पण डिसेंबर २०१८ मध्ये स्टॉकहोमला बोलणी झाली, तेव्हा सरकारी शिष्टमंडळात एकच बाई होती. सुलह करायला बायका पुढे, आणि मेजावर खुर्ची नाही!

याचा अर्थ रेशन नको असा मुळीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निधीअभावी आणि वाटपाच्या वादामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाला हौथींच्या ताब्यातल्या भागातलं वाटप थांबवावं लागलं, तेव्हा लाखो घरांचा आधार तुटला. आज ज्याच्या घरात चूल थंड आहे, त्याला आधी रोटीच हवी. पण नुसती रोटी देऊन आपण पुढच्या वर्षीही तिथेच असू.

मग आपण काय करावं? जकातीचे आठ मसारिफ सूरह तौबामध्ये आले आहेत. शाफई फिकहमध्ये इमाम नववींसारख्या आलिमांनी लिहिलं आहे की, हुनर असलेल्या गरिबाला त्याची अवजारं घेता येतील इतकी जकात देता येते. तपशील आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. पैसे देण्याआधी संस्थेलाही तीन सवाल विचारा: पैसा कुणाच्या हाती जातो? त्यातून कमाईचं साधन मिळतं का? ठरवणाऱ्यांत तिथल्या बायका आहेत का? हिशेब न देणाऱ्या अनोळखी खात्यावर किंवा क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. जकात ही अमानत आहे.

आणि हेच सवाल आपल्या मोहल्ल्यातही विचारू या. आपल्या बैतुलमालमधून दरवर्षी त्याच घरांना तेच रेशन जात असेल, तर त्यातल्या एखाद्या पोराला यंदा जाळं किंवा एखाद्या बेवा बहिणीला शिलाई मशीन देता येईल का? त्या आठवीतल्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बाळा, भूक संपवायची तर देणं हवंच, पण घेणाऱ्याला पुढच्या साली घ्यावं लागू नये असं देणं हवं."