गोठणारा पाऊस व क्वेबेकचा शेतकरी

गारपिटीनें उभें पीक कसें आडवें होतें हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत जी गारपीट झाली, तिनें गहू, हरभरा व द्राक्षें यांची केलेली दैना पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिली आहे. परंतु गार न पडतां साधा पाऊसच पडावा, आणि तो जेथें पडेल तेथेंच बर्फ होऊन चिकटावा, हा प्रकार आपल्या शेतकऱ्यास अपरिचित आहे. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत सन १९९८ च्या जानेवारींत अशा पावसानें जो अनर्थ केला, त्याची हकीकत दुभतीं जनावरें बाळगणाऱ्या प्रत्येकानें वाचावी असें आम्हांस वाटतें.

त्या वेळीं मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा उंचावरून वाहत होती. खालीं सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यांत मात्र जड, थंड हवा कोंडून राहिली होती. वरून येणारे थेंब या थंड थरांतून जातांना गोठण्याच्या अंशाखालीं निवाले, पण थर पातळ असल्यामुळें वाटेंत त्यांचा बर्फ झाला नाहीं. तो झाला फांदीस, तारेस किंवा छपरास स्पर्श होतांच. असा पाऊस त्या मुलुखांत हिवाळ्यांत थोडाबहुत पडतोच व कांहीं तासांत थांबतो. या खेपेस ता. ४ च्या रात्रीपासून ता. १० पर्यंत तो राहून राहून पडला; सर्व मिळून ऐंशी तासांहून अधिक. माँट्रियल येथें त्याचें मान १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच भरलें.

या भाराखालीं विजेच्या तारा तुटल्या, लोखंडी मनोरे दुमडले, आणि एक मनोरा पडला कीं तारेच्या ओढीनें पुढचाही पडे. सुमारें तीस हजार लांकडी खांब मोडले. चाळीस लाखांहून अधिक माणसें ऐन थंडींत विजेवांचून राहिलीं. पंचवीसांहून अधिक दगावलीं, त्यांत बंद घरांत शेगडी किंवा इंजिन चालविल्यानें विषारी वायूनें गेलेलीं कांहीं होतीं. सरकारनें सुमारें सोळा हजार सैनिक मदतीस धाडले. बूशेरव्हील गांवीं तर आगगाडीचें इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्यानें चालवीत नेलें व त्याच्या विजेवर नगरकचेरी चालविली! माँट्रियलच्या दक्षिणेस सेंट हायसिंथ, ग्रॅनबी व सेंट जाँ या तीन गांवांमधील टापूस लोक ‘काळा त्रिकोण’ म्हणूं लागले. तेथें कित्येक ठिकाणीं महिनाभर दिवा लागला नाहीं.

हा त्रिकोण म्हणजे क्वेबेकमधील उत्तम शेतीचा व दुभत्याचा मुलूख. एकेका गोठ्यांत तीस, चाळीस, पन्नास गाई. धारा काढणें यंत्रानें, विहिरीचें पाणी पंपानें, दूध थंड ठेवणें विजेच्या टाकींत, आणि बंद गोठ्यांतील दमट हवा बाहेर घालविणें पंख्यानें. एक तार तुटली आणि हीं सर्व कामें एकदम बंद पडलीं. हातानें धारा काढाव्या तर घरच्या तीन-चार माणसांकडून पन्नास गाई दोन वेळां होत नाहींत. दूध कासेंत तुंबलें कीं गाईस वेदना होतात, कासदाह होतो, ज्यास आपल्याकडे दगडी म्हणतात तोच, आणि ती आटूं लागते. बरें, एवढ्या कष्टानें काढलेलें दूध तरी कोठें घालावें? रस्ते अडलेले, आणि दूध तापवून भरणारे कारखाने स्वतःच अंधारांत. सुमारें एक कोटी लिटर दूध ओतून द्यावें लागलें.

ज्यांच्या घरीं ट्रॅक्टरवर चालणारें वीजयंत्र होतें ते तरले. तेंच यंत्र मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोठ्यांतून फिरूं लागलें. खानदेशांत फडाच्या पाण्याची पाळी लागते तशी येथें विजेची पाळी लागली. ज्याची पाळी मध्यरात्रीं येई त्याच्या गाईंच्या धारा मध्यरात्रीं निघत. इतर प्रांतांतूनही यंत्रें व जळाऊ लांकूड आलें. आपल्या दूधसंस्थांच्या शीतगृहांत असें यंत्र ठेवलेलें असतें. पण सभासदाच्या गोठ्यांतील यंत्र बंद पडलें तर काय, हा प्रश्न वार्षिक सभेंत कोणी तरी विचारावयास हवा.

झाडांचें नुकसान निराळ्या तऱ्हेचें होतें. जगांतील मेपलच्या पाकाचा बहुतेक भाग क्वेबेकमध्यें होतो. मार्च-एप्रिलांत झाडास भोंक पाडून रस घेतात व तो आटवून काकवीसारखा पाक करतात. चाळीस लिटर रसाचा जेमतेम एक लिटर. रोप लावल्यापासून झाड रसास येण्यास सुमारें चाळीस वर्षें लागतात. अशा हजारों झाडांचे शेंडे त्या आठवड्यांत मोडले व रस वाहून नेणाऱ्या नळ्या फांद्यांखालीं चिरडल्या. शेंडा गेला कीं पानें कमी, आणि पानें कमी कीं खोडांतील सांठा कमी. म्हणून जाणत्यांनीं सांगितलें कीं जबर मोडलेल्या झाडास त्या वसंतांत भोंक पाडूं नये, पण तें तोडण्याचीही घाई करूं नये. पुढील कांहीं वर्षांत यांपैकीं पुष्कळ झाडांनीं अपेक्षेपेक्षां चांगला नवा शेंडा धरला.