चिमुकल्या नावाचा दणका

आधी एक कबुली. 'ब्रेडफॅन' हे गाणं मेटालिकाचंच, असं मी कॉलेजची तीन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. मामेभावाकडून ढापलेल्या 'गॅरेज इंक.'च्या सीडीवर ते होतं. सीडीसोबतची पुस्तिका वाचतंय कोण? मग एके दिवशी मूळ गाणं कानावर पडलं आणि मी साफ तोंडघशी पडले. गाणं होतं बजी नावाच्या बँडचं. साल १९७३, म्हणजे मेटालिकाच्या जन्माआधी आठ वर्षं!

बजी म्हणजे पिंजऱ्यातला तो इवलासा पोपट. आपल्याकडे पक्ष्यांच्या दुकानात त्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून खपवतात. कानठळ्या बसवणाऱ्या बँडला असलं गोंडस नाव? हीच तर गंमत. १९६७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरात हा बँड सुरू झाला. बर्क शेली बास वाजवायचा आणि गायचाही, टोनी बूर्ज गिटारवर, रे फिलिप्स ड्रम्सवर. बस्स, तिघंच.

त्यांचा पहिला अल्बम आला १९७१ मध्ये. निर्माता रॉजर बेन, ज्याने ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम केले होते. त्यामुळे वजन तसंच, पण सॅबथचा काळोख इथे नाही. गिटार रोडरोलरसारखी अंगावर येते आणि वर शेलीचा बारीक, टिपेचा आवाज. त्यात गाण्यांची नावं एकेक अशी, की हसूच फुटावं. १९७२ च्या 'स्क्वॉक'मध्ये तर एका गाण्याचं नाव आहे 'हॉट अ‍ॅज अ डॉकर्स आर्मपिट'. म्हणजे गोदी कामगाराच्या काखेइतकं गरम!

पण माझा जीव अडकलाय तो तिसऱ्या अल्बममध्ये, 'नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड'मध्ये. सुरुवातीलाच 'ब्रेडफॅन' सुसाट सुटतं, मध्येच एकदम शांत होतं आणि पुन्हा उसळतं. शेवटी येतं 'पेरेंट्स', दहा मिनिटांचं. लहानपणी आईवडिलांच्या ज्या सूचनांचा वैताग यायचा, त्याच मोठेपणी आठवत बसलेला माणूस. रात्री साडेदहाला भाड्याच्या खोलीवर परतून, गार डबा उघडताना मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. गाणं संपल्यावर घरी फोन लावला. आई म्हणाली, "एवढ्या रात्री? बरं आहे ना सगळं?"

मग हे लोक मोठे का झाले नाहीत? ब्रिटनच्या यादीत त्यांचा अल्बम पहिल्या दहात कधीच गेला नाही. १९७४ चा 'इन फॉर द किल' पोचला २९ व्या क्रमांकापर्यंत. ड्रमर बदलत राहिले, १९७८ मध्ये बूर्जही गेला. शेली मात्र टिकून राहिला. मेटालिकाने १९८७ आणि १९८८ मध्ये त्यांची दोन गाणी केली, १९९२ मध्ये आयर्न मेडनने एक केलं. टी-शर्ट मात्र आपण या दोघांचेच घातले!

१० जानेवारी २०२२ ला बर्क शेली कार्डिफमध्येच गेला, ७१ व्या वर्षी. बातमी वाचून ऑफिसात चार जणांना सांगितलं. चौघांचाही एकच प्रश्न, "कोण?" त्यातल्या दोघांच्या फोनमध्ये 'ब्रेडफॅन' होतं, मेटालिकाचं. मूळ गाणं तिथेच ऐकवलं. एकाने हेडफोन परत करायला सहा मिनिटं घेतली. म्हणजे पूर्ण गाणं!

कुठून सुरुवात कराल?

बजी (१९७१): 'गट्स'ने. सोमवारी सकाळी, आवाज मोठा करून.

नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड (१९७३): एकच ऐकणार असाल तर हा. रॉजर डीनचं कव्हरही निवांत बघा.

बँडोलियर (१९७५): मेडनने उचललेलं 'आय कान्ट सी माय फीलिंग्ज' मुळात इथलं.