माळावरील ऊन आणि हैड्रोजनाचा व्यापार

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव व सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडी येथे पाऊस बेताचा, परंतु ऊन मुबलक आहे. उन्हापासून वीज करून तिच्या योगाने पाण्याचे पृथक्करण केले असता हैड्रोजन वायू निघतो. त्याचा अमोनिया करून जहाजाने परदेशी धाडता येतो. केंद्र सरकारने २०२३ साली, सन २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टन हैड्रोजन काढण्याचे योजिले आहे.

एक किलो हैड्रोजनास वीज सुमारे ५० ते ५५ युनिट व शुद्ध पाणी निदान ९ लिटर लागते. वीज तारेने बंदरापर्यंत नेता येते, आणि तेथे समुद्राचे पाणी गोडे करता येते. मग टेंभू-म्हैसाळहून वीज खर्चून चढविलेले कृष्णेचे पाणी या कामी का खर्ची घालावे?

भाडेही पारखून घ्यावे. शेतीपंपांस दिवसा वीज देण्याकरिता राज्याने २०२३ साली काढलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक किमान १,२५,००० रुपये भाडे व सालोसाल ३ टक्के वाढ ठरली आहे. याहून कमी भाड्यावर सही करू नये, व विहिरीचा हक्क करारात आपल्याकडेच राखावा, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे. ऊन विकावे, पाणी विकू नये.