शेरखान कुठल्या खणात?

एका मे महिन्यात आमच्या घरी मोठ्ठं भांडण झालं. कशावरून? आंब्यांवरून नाही, रिमोटवरूनही नाही. चक्क शेरखानावरून!

त्याचं असं झालं, माझा पुतण्या आणि माझी भाची सुट्टीला आले होते. एकाची मी आत्या, दुसरीची मावशी, त्यामुळे न्यायनिवाडा माझ्याच गळ्यात. पुतण्यानं एका वहीत कार्टूनमधल्या खलनायकांची शिरगणतीच मांडली होती. चार खण आखलेले : ‘मुळातच दुष्ट’, ‘हावरट आणि हेवेखोर’, ‘दुखावलेला’ आणि ‘साळसूद’.

सुरुवातीची नावं भराभर बसली. कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट शिवायला निघालेली, डाल्मेशियन कुत्र्यांच्या सिनेमातली (१९६१) क्रुएला पहिल्या खणात. आरशाला आपल्या रूपाबद्दल विचारणारी स्नो व्हाइटची सावत्र आई (१९३७) आणि राज्यासाठी सख्ख्या भावाचा जीव घेणारा ‘लायन किंग’मधला (१९९४) स्कार दुसऱ्यात. ‘फ्रोझन’मधला (२०१३) गोडबोल्या राजपुत्र हान्स अर्थातच साळसूद. पिक्चर संपत येईपर्यंत त्याचा संशयसुद्धा येत नाही!

मग आला शेरखान. पुतण्यानं बेधडक पहिल्या खणात लिहिलं. भाची ओरडली, “खोड ते! तो दुखावलेला आहे.”

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होती. फक्त दोघांचा शेरखान वेगळा होता.

पुतण्यानं पाहिला होता १९६७ चा, डिस्नेचा. हा शेरखान सावकाश, अदबीनं बोलतो आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. त्याला माणसाचा राग, कारण माणसाकडे बंदूक आणि आग असते. पण माणसानं त्याचं नेमकं काय वाकडं केलं, ते सिनेमात दिसत नाही. भाचीनं पाहिला होता २०१६ चा. त्यात खरा माणूस जवळजवळ मोगलीच. जंगल आणि जनावरं संगणकावर तयार केलेली. या शेरखानाचा एक डोळा गेलाय, तोंड भाजलंय. मोगलीच्या वडिलांनी पेटत्या मशालीनं त्याला भाजलेलं असतं.

आणि मी? मी १९९३ सालच्या रविवारच्या सकाळीतली! दूरदर्शनवर जपानी मालिका हिंदीतून लागायची आणि शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. तो आवाज आला की मी उशीआड. (२०१६ च्या हिंदी सिनेमातही शेरखान नानाच बोलले, बरं का.)

शेवटी कपाटातून मूळ पुस्तक काढलं. लेखक रुडयार्ड किपलिंग, जन्म १८६५, मुंबईचा. पुस्तक १८९४ चं. त्यातलं जंगल नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. तिथली वैनगंगा पुढं आपल्या भंडाऱ्यात येते. या पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायानं अधू. त्याची आईच त्याला ‘लंग्री’ म्हणते. लंगडा म्हणून शिकार साधत नाही, तेव्हा गावातली गुरं मारतो. गुरं मारली की गावकरी चिडतात. लांडग्यांच्या घरात त्याच्या पायाची चक्क टिंगल होते.

हे वाचल्यावर पुतण्या गप्पच झाला. मग म्हणाला, “आत्या, म्हणजे लंगडा असला की व्हिलन?”

मला वाटलं, आता हा शेरखानाला तिसऱ्या खणात टाकणार. पण भाचीच उलटली! “ते तसं नाही हं. भाजलं म्हणून राग आला, कबूल. पण भाजलं कधी? तो मोगलीच्या बाबांना मारायला आला तेव्हाच ना! आणि नंतर अकेलाला मारलं. अकेलानं त्याचं काय केलं होतं?”

आता आली का पंचाईत! दोघांनी बाजू बदलल्या आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पुतण्या एवढा इरेला का पेटला होता, ते रात्री गच्चीवर कळलं. हा पोरगा अंगानं थोराड, आवाजही फुटलेला. शाळेच्या नाटकात दर वर्षी राक्षस यालाच करतात. “एकदा तरी प्रधान द्या म्हटलं, तर सगळे हसले,” तो म्हणाला. मी त्याला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची (१९९१) आठवण करून दिली. त्यात शिंगांचा, केसाळ प्राणी नायक निघतो आणि गावातला सगळ्यांत देखणा जवान, गॅस्टन, खलनायक. वही आणायला तो तेव्हाच खाली पळाला.

एल्साचं नाव मात्र कुठल्याच खणात नव्हतं. मी सांगितलं, ‘फ्रोझन’ची जुळवाजुळव चालली होती तेव्हा एल्सा खलनायिका होती! मग तिच्यासाठी एक गाणं रचलं गेलं. ते ऐकल्यावर ही मुलगी दुष्ट नसून घाबरलेली आहे, असं करणाऱ्यांनाच वाटलं आणि त्यांनी गोष्ट बदलली. भाचीचा विश्वासच बसेना.

दोघं आपापल्या घरी गेली त्या दिवशी मी वही उघडून पाहिली. बाकी सगळी नावं शाईनं. शेरखान तेवढा पेन्सिलीनं, तोही दोन खणांच्या मधल्या रेघेवर. खाली एक पाचवा खण नव्यानं आखलेला : ‘नुसताच थोराड’. त्यात एकच नाव होतं, पुतण्याचं स्वतःचं. आणि त्याच्यापुढं भाचीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रधान’.