चिऱ्याच्या भिंतीला वारा हवा



गटाच्या गेल्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला आणि विषय निघाला घरांचा. आमच्यातल्या एका काकींनी जुन्या चिऱ्याच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. घर पक्कं होईल म्हणून बचतीतले पैसे घातले. पहिल्याच पावसात आतून ओल आली, दुसऱ्या पावसात गिलाव्याचे पापुद्रे सुटले. "चिरो वायट होतो काय?" असं काकींनी विचारलं. चिरा वाईट नव्हता. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू.

विलायतेत जुन्या सरदारांचे वाडे लाल विटांचे आहेत. लंडनच्या उत्तरेचं हॅटफिल्ड हाउस १६११ साली पुरं झालं. तिथे माती भट्टीत भाजून विटा करीत आणि चुन्यात बसवीत. आपल्याला भट्टीची गरज पडली नाही. आपला जांभा खाणीत असताना मऊ असतो, म्हणून कापता येतो. वारा लागला की कडक होतो. मलबारात लोक असाच दगड विटेसारखा कापून वापरताना फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने पाहिले आणि १८०७ साली त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट!

सावंतवाडीचा राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ मधला. त्याच्या कमानी आणि लाल भिंती याच जांभ्याच्या. राजवाडा असो की आपलं माजघर, दगड एकच.

आता काकींच्या भिंतीचं. जांभ्याला बारीक भोकं असतात. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उघाडीत सोडतो. चुना किंवा मातीचा सांधा ते पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा जाड थर मात्र वाट अडवतो. जमिनीतून चढलेलं, भेगेतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि घरात ओल येते. म्हणून जुनी माणसं सांगत, "भिंतीक वारो लागाक व्हयो."

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून पूर्वजांनी जोतं उंच घेतलं, छप्पर उतरतं ठेवलं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशी पडवी काढली. भिंतीला खरं राखतं ते छप्परच.

तेव्हा गिलाव्याला पैसे घालण्याआधी एवढं करूया. पावसाआधी फुटकी कौलं बदलूया. भिंतीच्या पायाशी टेकलेली माती, लाकडं, पातेरा काढूया. सांधे सुटले असतील तर चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला दाखवूया. भिंत कलली किंवा मोठी भेग पडली असेल तर मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

काकी आता बाहेरचा सुटका गिलावा काढून घेताहेत. आतला लाल चिरा पुन्हा दिसू लागलाय. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांच्याच पडवीत बसणार आहोत.