आठ सेकंदांचा स्वर

फेब्रुवारी 1967मध्ये बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आलं. गाणं बासऱ्यांवर सुरू होतं. पण त्या बासऱ्या नेहमीच्या नाहीत. त्यांचा आवाज थोडा दबलेला, जुनाट लागतो, आणि सूर जागेवर असूनही किंचित डगमगतो. अ‍ॅबी रोड स्टुडिओत तो भाग वाजवायला बासरीवाला कुणीही बसलेला नव्हता. पॉल मॅकार्टनी एका जडशीळ लाकडी वाद्यासमोर बसून पट्ट्या दाबत होते आणि प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक सुटा तुकडा सरकत होता. त्या तुकड्यांवर काही वर्षांपूर्वी खऱ्या वादकांनी एकेक स्वर वाजवून ठेवला होता.

या वाद्याचं नाव मेलोट्रॉन. रॉक संगीत ऐकणाऱ्यांना त्याचा आवाज नावानिशी ओळखू येतो, आणि ज्यांनी नाव कधी ऐकलेलं नाही त्यांच्याही कानावरून तो गेलेला असतो. आज हाच आवाज लॅपटॉपमध्ये काही हजार रुपयांत मिळतो. मूळ वाद्य सुरांना पक्कं नव्हतं, वजनाला भारी होतं आणि प्रवासात हमखास रुसायचं. असं असताना ते जसंच्या तसं संगणकात उतरवण्यासाठी माणसं इतकी का झटली, याचं उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे.

कथा सुरू होते दक्षिण कॅलिफोर्नियात. हॅरी चेंबरलिन या गृहस्थांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस आपलंच ऑर्गनवादन टेपवर घेताना विचार केला, की अख्खं वादन टेपवरून पुन्हा ऐकता येत असेल तर एकेक स्वर वेगवेगळ्या टेपवर घेऊन तो बोटाखाली का आणू नये? त्यांनी तसं वाद्य बनवलं आणि त्याला आपलंच नाव दिलं. रेकॉर्डिंगसाठी त्यांनी लॉरेन्स वेल्क यांच्या वाद्यवृंदातले वादक बोलावले. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. घरी बसून पियानोवर चार गाणी वाजवणाऱ्या हौशी माणसाला मागे अख्खा बँड असल्याचं सुख मिळावं, एवढीच कल्पना होती.

त्यांच्याकडे बिल फ्रॅन्सन नावाचा विक्रेता होता. 1962मध्ये तो दोन चेंबरलिन घेऊन इंग्लंडला गेला. एकसारखे सत्तर टेपहेड कोण बनवून देईल याची चौकशी करत तो बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक या छोट्या कारखान्यात पोहोचला. तो कारखाना नॉर्मन, फ्रँक आणि लेस्ली या ब्रॅडली बंधूंचा. वाद्य दुसऱ्याच कुणाचं आहे, हे फ्रॅन्सनने त्यांना सांगितलं नाही. ब्रॅडलींनी यंत्र उघडून पाहिलं आणि हे आपण याहून चांगलं करू, असं ठरवलं. वाद्यवृंद-संचालक एरिक रॉबिन्सन आणि त्या काळचे लोकप्रिय जादूगार डेव्हिड निक्सन यांनी पाठबळ दिलं, कंपनी उभी राहिली आणि 1963मध्ये मेलोट्रॉन बाजारात आलं. पुढे चेंबरलिनना सगळं कळलं. वाद झाला, तो 1966मध्ये पैशांवर आणि बाजारपेठेच्या वाटणीवर मिटला. मला यात चेंबरलिनवर अन्यायच झाला असं वाटतं. मेलोट्रॉनच्या ज्या तीन व्हायोलिनच्या आवाजावर पुढची दहा वर्षं लोक भाळले, त्याचं रेकॉर्डिंगसुद्धा मूळ चेंबरलिनकडचं होतं.

आता यंत्राच्या आत पाहू. 1970 साली आलेलं एम-400 हे मॉडेल सर्वांत जास्त खपलं, सुमारे 1800 नग. त्याला 35 पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, साधारण पाच-सहा फुटांचा. टेपची रुंदी पाऊण इंचाच्या निम्मी आणि तिच्यावर शेजारी शेजारी तीन ट्रॅक, म्हणजे तीन वेगळी वाद्यं. व्हायोलिन, बासरी, चेलो अशी जोडणी सर्रास असे. पट्टी दाबली की एक गादी टेपला हेडवर टेकवते आणि एक लहान चाक तिला सतत फिरणाऱ्या लांब दांड्यावर दाबून धरतं. टेप ओढली जाऊ लागते आणि खालच्या खोबणीत घड्या पडत साठत जाते. बोट उचललं की स्प्रिंग तिला झटक्यात मूळ जागी आणते. टेप संपेपर्यंत हाती असतात फक्त आठ सेकंद. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरा, काही वाजत नाही.

टेपची दोन टोकं जोडून गोल वेटोळं केलं असतं तर स्वर हवा तितका वेळ चालला असता. ते मुद्दाम केलं नाही, कारण मग स्वराची सुरुवात हरवली असती. बासरीत फुंकर शिरताना होणारी खरखर, गज तारेवर टेकतानाचा पहिला घास, या गोष्टी टेपच्या सुरुवातीलाच असतात आणि पट्टी दाबताच त्या ऐकू यायला हव्यात. शिवाय एकाच स्वराचं रेकॉर्डिंग ताणून-आवळून बाकीचे स्वर काढलेले नाहीत. प्रत्येक पट्टीसाठी वादकाने तो स्वर स्वतंत्रपणे वाजवला आहे. म्हणून शेजारच्या दोन स्वरांचा जोर सारखा नसतो, एकाचा कंप जलद तर दुसऱ्याचा संथ असतो, एखाद्या स्वराला शेवटी वादक किंचित खाली घसरतो. तीन पट्ट्या एकदम दाबल्या की तीन वेगळ्या क्षणी वाजवलेले श्वास एकत्र येतात. हे समजून घेतल्यावर मेलोट्रॉनची कोणतीही जुनी रेकॉर्ड वेगळी ऐकू येते.

यात भर यंत्राच्या खोडींची. सगळ्या टेप ओढायला मोटर एकच. भरगच्च कॉर्ड धरला की मोटरवर ताण येतो आणि सेल उतरत आलेल्या टेपरेकॉर्डरसारखा सगळाच सूर खाली बसतो. दौऱ्यावर दिव्यांची उष्णता, हवेतला दमटपणा, विजेचा कमीजास्त दाब, सगळ्याचा परिणाम सुरावर होई. टेप परत जागेवर यायच्या आत तीच पट्टी पुन्हा दाबली, तर स्वर मधूनच सुरू होई. त्यामुळे जलद ताना यावर वाजत नाहीत. वादकांनी मग त्याची चाल ओळखली. बोटं आलटूनपालटून, कॉर्डमधला एकेक स्वर सोडत आणि धरत जायचं, म्हणजे आठ सेकंदांची मर्यादा ऐकणाऱ्याला जाणवत नाही. हे तंत्र शिकावं लागतं.

मूळ गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर राजकन्या मार्गारेट आणि विनोदी नट पीटर सेलर्स यांनी मेलोट्रॉन घेतलं होतं. मार्क 2 या मॉडेलला पट्ट्यांचे दोन संच असत. डाव्या बाजूला चा-चा आणि फॉक्सट्रॉटसारखे तयार ठेके, उजवीकडे चालीसाठी वाद्यं. घरच्या मैफलीचंच ते वाद्य होतं. त्याला दुसरीकडे नेलं ते माइक पिंडर यांनी. ते काही काळ ब्रॅडलींच्या कारखान्यात तयार वाद्यं तपासायचं काम करत. मूडी ब्लूज बँडमध्ये असताना डनलॉप कारखान्याच्या कामगार क्लबात पडून असलेलं एक मेलोट्रॉन त्यांनी स्वस्तात मिळवलं आणि डाव्या बाजूचे ठेके काढून तिथेही व्हायोलिन वगैरे चालीच्या टेप बसवल्या. 1967च्या ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मध्ये ते वाद्य ऐकू येतं. बीटल्सच्या लेननना मेलोट्रॉनची ओळख करून दिली तीही पिंडर यांनीच.

1969मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला आणि या वाद्याचं खरं रूप समोर आलं. इयन मॅकडोनाल्ड यांनी त्यात व्हायोलिनचे थर असे चढवले आहेत की वाद्यवृंदाची आठवण येते, पण असा वाद्यवृंद कुठल्याच सभागृहात ऐकायला मिळणार नाही. त्याच वर्षी डेव्हिड बोवी यांच्या ‘स्पेस ऑडिटी’त रिक वेकमन यांनी ते वाजवलं. 1972मध्ये जेनेसिसच्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’ची सुरुवात टोनी बँक्स यांनी किंग क्रिम्सनकडून विकत घेतलेल्या मार्क 2वर केली. ते संथ कॉर्ड दुसऱ्या कीबोर्डवर वाजवून पाहिले तर त्यांतली जरब नाहीशी होते. यंत्राचा सूर थोडा हललेला आहे म्हणूनच ते कॉर्ड तसे उभे राहतात. व्हायोलिनची नक्कल म्हणून मेलोट्रॉन कधीच पुरेसं पटलं नाही. नक्कल फसली तिथे एक नवं वाद्य हाती लागलं, हे या संगीतकारांना कळलं होतं.

सगळ्यांनाच ते गोड लागलं नाही. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने सुरुवातीलाच विरोध केला. एका माणसाने पट्ट्या दाबून बारा जणांचं काम करायचं, तर त्या बारांनी काय करायचं? त्या विरोधाला आज हसणारे भेटतात, पण मुंबईच्या माणसाने तरी हसू नये. हिंदी चित्रपटसंगीतातले व्हायोलिनचे मोठे ताफे आठवावेत. त्यांत गोव्याहून आलेले कितीतरी वादक होते, पाश्चात्त्य नोटेशन वाचणारे, चर्चच्या शाळांत शिकलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर त्यांच्यासाठी लिहीत. कीबोर्ड, सँपलर आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आल्यावर ते ताफे स्टुडिओतून हळूहळू उठले. लंडनच्या वादकांची भीती अवास्तव नव्हती. फक्त तिला कारण ठरलेलं यंत्र मेलोट्रॉन नव्हतं, त्याच्या पुढच्या पिढीचं होतं.

त्या पुढच्या पिढीनेच मेलोट्रॉनलाही बाजूला केलं. आधी हलके स्ट्रिंग-कीबोर्ड आले, मग 1979मध्ये सिडनीत तयार झालेलं फेअरलाइट आणि 1981मध्ये इम्युलेटर हे सँपलर. गंमत अशी की सुरुवातीच्या फेअरलाइटच्या स्मृतीत जेमतेम सेकंदभराचा आवाज मावे, आणि एकच नमुना वरखाली ताणून सगळ्या पट्ट्यांवर पसरावा लागे. आठ सेकंदांच्या 35 वेगळ्या रेकॉर्डिंगपुढे ही कितीतरी मागची पायरी होती. पण ते सुरात राहायचं. 1977च्या सुमारास व्यवहारातल्या गोंधळात ब्रॅडलींच्या हातून मेलोट्रॉन हे नावच गेलं. त्यांनी नोव्हाट्रॉन या नावाने काही वर्षं वाद्य चालू ठेवलं. 1986मध्ये कारखाना बंद झाला. हॅरी चेंबरलिनही त्याच वर्षी गेले.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. ओअ‍ॅसिसच्या ‘वंडरवॉल’मधला चेलो मेलोट्रॉनचा आहे आणि रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’मधला भुतासारखा कोरसही त्याचाच. स्वीडनमध्ये अँग्लागार्ड, अ‍ॅनेक्डोटेन अशा बँडनी तर त्याच्याभोवतीच आपलं संगीत बांधलं. त्याच देशात मार्कस रेश यांनी 1999मध्ये नवं टेपचं मेलोट्रॉन बनवलं, आणि इंग्लंडमध्ये लेस्ली ब्रॅडली यांचे चिरंजीव जॉन यांनी मार्टिन स्मिथ यांच्यासोबत जुन्या कारखान्याचं नाव पुन्हा उभं केलं. याच सुमाराला जीफोर्सचं एम-ट्रॉन हे सॉफ्टवेअर आलं. 2009मध्ये त्याची प्रो आवृत्ती निघाली, पुढे आर्टुरियानेही आपलं मेलोट्रॉन काढलं.

मूळ वाद्य मी दुरूनच पाहिलं आहे. सॉफ्टवेअर मात्र रोज वाजवते. एम-ट्रॉनवर व्हायोलिन निवडून मधला सा धरला की आधी टेपची बारीक सळसळ येते, मग गज टेकतो, कंप सुरू होतो, आणि आठव्या सेकंदाला स्वर थांबतो. संगणकात टेप नाही, तेव्हा थांबायचं कारणही नाही. तरीही तो थांबतो, कारण बनवणाऱ्यांनी तसं ठरवलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. टेप कितपत डगमगावी, यंत्राची घरघर किती ऐकू यावी, यासाठी बटणं दिलेली असतात आणि नवशिके ती शेवटापर्यंत फिरवतात. ते करू नये असं माझं मत आहे. जुन्या रेकॉर्डवर वाद्य चांगलं जुळवलेलं असताना डगमग अगदी थोडी आहे. आवाजाचा जीव खोडींपेक्षा प्रत्येक पट्टीमागच्या वेगळ्या वादनात जास्त आहे. म्हणून सॉफ्टवेअर पारखायचं असेल तर शेजारचे दोन स्वर एकापाठोपाठ लावून ऐकावेत. दोन्हींचा कंप हुबेहूब सारखा लागला, तर कुणीतरी कष्ट वाचवले आहेत.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. त्या 35 स्वरांसाठी जे वादक मायक्रोफोनसमोर बसले, एकेक स्वर आठ सेकंद धरून थांबले, पुन्हा पुढचा धरला, त्यांची नावं वाद्यावर कुठेच नव्हती. आजच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर टेपच्या संचांची भलीमोठी यादी असते. वाद्याचं नाव, मॉडेलचं नाव, कधी कुणाच्या संग्रहातून टेप मिळाली तेही. जिथे वादक कोण हे ठाऊक आहे, तिथे त्या ओळीत त्यांचं नाव घालायला काहीही अडचण नाही, आणि ते घालावं.